उंदराची लाळ, दमेकऱ्याचं रक्त

‘ब्रेन रिसर्च’ या नियतकालिकाच्या १३३व्या खंडात, ३५८व्या पानावर, १९७७ साली एक शोधनिबंध सुरू होतो. लेखक दोघं : लुइजी आलोए आणि रिटा लेव्ही-मोंतालचिनी. काम रोममधलं, इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पेशीजीवशास्त्र प्रयोगशाळेतलं. निष्कर्ष शीर्षकातच सांगून टाकला आहे : रॅट जातीच्या उंदरांच्या नवजात पिल्लांना एनजीएफ टोचलं, तर त्यांच्या ऊतींमध्ये मास्ट पेशी वाढतात.

एनजीएफ म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, मज्जातंतूंना वाढवणारं आणि जगवणारं प्रथिन. मास्ट पेशींचा मज्जासंस्थेशी वरवर पाहता काही संबंध नाही. त्या त्वचेखाली, श्वासनलिकांच्या अस्तरात, आतड्याच्या भिंतीत, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने वसलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामीनचे दाणे भरलेले असतात आणि परागकणासारखं काही खुपलं की त्या ते बाहेर ओततात. शिंका, डोळ्यांची खाज, अंगावर उठणाऱ्या गांधी, दम्याची धाप यांत त्यांचा मोठा हात असतो. म्हणजे ही प्रतिकारसंस्थेतली मंडळी. त्यांच्यावरचा निबंध मेंदूच्या नियतकालिकात छापला गेला, कारण लिहिणाऱ्या बाईंचं उभं आयुष्य मज्जातंतूंवर काम करण्यात गेलं होतं. दम्याचे किंवा संधिवाताचे डॉक्टर ‘ब्रेन रिसर्च’ सहसा चाळत नसत.

या एका निरीक्षणातून पुढे काय काय निघालं, ते कागदांवरून बऱ्यापैकी रचता येतं. कागद तीन तऱ्हेचे आहेत. पहिले छापील शोधनिबंध. त्यांवर तारखा असतात, पण फसलेले प्रयोग त्यांत क्वचितच येतात. दुसरी पत्रं आणि भाषणं. ती घटनेच्या जवळची असतात, आणि लिहिणाऱ्याला पुढे काय होणार ते ठाऊक नसतं, हा त्यांचा मोठा गुण. तिसरी आत्मचरित्रं. ती वाचायला सगळ्यांत रंजक आणि पुरावा म्हणून सगळ्यांत कच्ची. रिटाबाईंचं आत्मचरित्र नोबेल मिळाल्यानंतर, १९८७ साली इटालियनमध्ये आलं. त्यात तूरिनच्या घरातली झोपण्याची खोली, वंशभेदाच्या कायद्यांमुळे विद्यापीठातून बाहेर पडावं लागल्यावर तिथे थाटलेली प्रयोगशाळा, बॉम्बफेकीच्या काळात जपलेली कोंबडीची अंडी हे सगळं येतं. ते खरंच आहे. त्या कामाचे निबंध युद्धकाळात बेल्जियममध्ये छापले गेले आणि ते आजही पाहता येतात. पण आपल्याला हवा असलेला धागा त्या खोलीत नाही. तो नंतरच्या कागदांत आहे.

१९४८ साली एल्मर ब्यूकर यांनी कोंबडीच्या गर्भात उंदराच्या एका कर्करोगी गाठीचा, सार्कोमा १८० चा, तुकडा बसवला आणि गर्भाचे मज्जातंतू त्या गाठीत शिरल्याचं नोंदवलं. रिटाबाई तेव्हा अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे काम करत होत्या. दोघांनी तो प्रयोग पुन्हा केला. त्यांच्या १९५१ आणि १९५३ च्या निबंधांत दिसतं की मज्जातंतू नुसते गाठीत शिरत नव्हते. जिथे जायचं कारण नाही अशा अवयवांत, अगदी शिरांच्या पोकळीतही ते घुसत होते. गाठ गर्भाबाहेर, त्याच्याशी फक्त रक्ताने जोडलेल्या आवरणावर ठेवली तरी परिणाम तोच. म्हणजे गाठीतून काहीतरी झिरपत होतं.

ते ‘काहीतरी’ काचेच्या भांड्यात पकडण्यासाठी रिटाबाई १९५२ मध्ये रिओ द जानेरोला गेल्या, जाताना सोबत गाठी बसवलेले दोन उंदीर घेऊन. तिथे कार्लोस शागास फिल्यो यांच्या जीवभौतिकी संस्थेत हेर्था मायर यांची ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा होती. रिओहून त्यांनी हॅम्बर्गरना लिहिलेली पत्रं टिकून आहेत, शाईने काढलेल्या आकृत्यांसह. गर्भातून काढलेला मज्जापेशींचा पुंजका गाठीच्या तुकड्याजवळ ठेवला की काही तासांत त्यातून चहूबाजूंनी तंतू फुटत आणि पुंजक्याभोवती प्रभामंडळ तयार होई. या पत्रांतला उत्साह खरा आहे, कारण तो नंतर आठवून लिहिलेला नाही.

पण त्याच मुक्कामात एक गोष्ट अशी घडली की जी त्यांना तेव्हा मुळीच आवडली नाही. तुलनेसाठी उंदराच्या निरोगी ऊतींचे तुकडे ठेवून पाहिले, तर त्यांच्याभोवतीही तसंच, फिकट का होईना, मंडळ उमटलं. आत्मचरित्रात त्या या गोष्टीने आलेली निराशा लपवत नाहीत. कर्करोगाच्या गाठीतलं खास द्रव्य आपण शोधतोय अशी त्यांची समजूत होती, आणि ते उंदराच्या साध्या ऊतींतही निघालं. आज मागे वळून वाचताना त्या फिकट मंडळालाच मी जास्त महत्त्व देईन. हे प्रथिन शरीरात सर्वत्र, मज्जासंस्थेच्या बाहेर तयार होतं, याची ती पहिली खूण होती.

पुढचे कागदही तेच सांगतात, फक्त आडवळणाने. १९५३ मध्ये स्टॅन्ली कोहेन हा जीवरसायनतज्ज्ञ या कामात आला. गाठीच्या अर्कातलं क्रियाशील द्रव्य प्रथिन आहे की न्यूक्लिइक आम्ल, हे तपासायला त्याने अर्कात सापाचं विष घातलं, कारण विषातली विकरं न्यूक्लिइक आम्ल तोडतात. परिणाम कमी होण्याऐवजी प्रचंड वाढला. विषातच एनजीएफ होतं, आणि गाठीतल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. १९५६ चा निबंध हा त्या विषाचा. मग कोहेनने विचार केला की विषाची ग्रंथी ही शेवटी लाळग्रंथीच, आणि उंदराच्या लाळग्रंथीकडे वळला. प्रौढ नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत एनजीएफचा साठाच सापडला. त्या साठ्याच्या जोरावर प्रथिन शुद्ध करता आलं, आणि १९७१ मध्ये रूथ होग आंजेलेत्ती आणि राल्फ ब्रॅडशॉ यांनी त्याच्या ११८ अमिनो आम्लांचा क्रम छापला.

गाठ, विष, लाळ. तिन्ही जागा मज्जासंस्थेच्या बाहेरच्या, आणि तिन्ही चावे, जखमा आणि शरीराचं संरक्षण यांच्या आसपासच्या. उंदीर जखम चाटतो. १९८० साली मायकेल यंग यांच्या गटाने ‘पीएनएएस’ या नियतकालिकात दाखवलं की लाळग्रंथी काढलेल्या उंदरांच्या जखमा सावकाश भरतात, आणि त्यांवर एनजीएफ लावलं की भरण्याचा वेग वाढतो. तोपर्यंत हा विचार कागदावर का उतरला नाही, याचं उत्तर मला १९६० च्या एका निबंधात दिसतं. रिटाबाई आणि बार्बरा बूकर यांनी एनजीएफविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार केली आणि नवजात उंदरांना टोचली. त्यांच्या अनुकंपी मज्जासंस्थेतल्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. उंदीर मात्र जगले, वाढले. एखादं प्रथिन खरोखर आवश्यक आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणं अवघड. या यशानंतर पंधराएक वर्षं सगळ्यांचं लक्ष मज्जापेशींवरच खिळून राहिलं, यात नवल नाही. हा निबंध ध्यानात ठेवावा. पन्नासएक वर्षांनी तो अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या टेबलावर वेगळ्या रूपात परत येतो.

आता १९७७ च्या निबंधाकडे येऊ. त्याची मर्यादा स्पष्ट आहे. पिल्लांना एनजीएफ टोचलं आणि मास्ट पेशी वाढल्या, एवढंच त्यात सिद्ध होतं. एनजीएफ मास्ट पेशींवर थेट काम करतं, की आधी मज्जातंतू वाढतात आणि त्यांच्या मागोमाग मास्ट पेशी येतात, हे त्या प्रयोगातून ठरत नाही. मास्ट पेशी बऱ्याचदा मज्जातंतूंच्या टोकांना खेटूनच असतात, त्यामुळे ही शंका काही वाकडी नव्हती. उत्तर पाच वर्षांनी आलं. १९८२ मध्ये पादुआजवळच्या एका गटाने उंदरांच्या उदरपोकळीतून धुऊन काढलेल्या, म्हणजे आसपास एकही मज्जातंतू नसलेल्या मास्ट पेशींवर प्रयोग केला. एनजीएफ आणि एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य एकत्र मिळालं, की त्या पेशी हिस्टामीन सोडत होत्या.

मग दारं भराभर उघडली. १९८३ मध्ये फ्लोरिडाच्या गटाने दाखवलं की माणसाच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी एनजीएफच्या दिशेने सरकतात. १९८८ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एनजीएफच्या प्रभावाखाली रक्तपेशींच्या वसाहती वाढल्या, आणि १९८९ मध्ये बाझेलच्या उवे ओटेन यांनी माणसाच्या बी-लिम्फोसाइट पेशींची वाढ नोंदवली. यांपेक्षा मला म्युनिकजवळच्या हान्स थोएनेन यांच्या प्रयोगशाळेतला १९८७ चा ‘नेचर’मधला निबंध महत्त्वाचा वाटतो, कारण तो उलट्या दिशेने जातो. पाय चिरून सायटिक मज्जातंतू तोडला की जखमेत मॅक्रोफेज पेशी येतात. त्या इंटरल्यूकिन-१ सोडतात आणि त्या संदेशावरून त्या मज्जातंतूतल्या, मज्जापेशी नसलेल्या इतर पेशी एनजीएफ बनवू लागतात. म्हणजे मज्जातंतूंच्या वाढीचा संदेश प्रतिकारपेशींना हलवतो एवढंच नाही. प्रतिकारपेशीही तो संदेश सोडायला लावतात. दोन्हीकडून बोलणं चालू आहे.

८ डिसेंबर १९८६ रोजी स्टॉकहोममध्ये दिलेल्या नोबेल व्याख्यानात रिटाबाईंनी या नव्या शाखेसाठी वेगळा भाग राखून ठेवला. ते व्याख्यान पुढच्या वर्षी ‘सायन्स’मध्ये छापलं गेलं. पुरस्कार मज्जातंतूंच्या वाढीसाठी होता, आणि व्याख्यानाचा रोख मात्र मज्जासंस्थेच्या पलीकडे झुकलेला. त्या तेव्हा ७७ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी आलोए, आल्लेवा आणि ब्योम यांच्यासोबतचा त्यांचा एक निबंध ‘पीएनएएस’मध्ये आला होता. कित्येक आठवडे एकटे ठेवलेले नर उंदीर समोरासमोर आणले की ते भांडतात, आणि भांडणात त्यांच्या लाळग्रंथींतलं एनजीएफ रक्तात उतरतं. याच विचाराचा माणसावरचा प्रयोग १९९४ मध्ये झाला : पहिल्यांदा पॅराशूटने उडी मारणाऱ्या तरुण इटालियन सैनिकांच्या रक्तात एनजीएफ वाढलं, आणि ही वाढ कॉर्टिसोलच्या वाढीच्या आधीची होती. त्यांच्या लिम्फोसाइट पेशींवरच्या एनजीएफच्या ग्राहकांची, म्हणजे रिसेप्टरांची, मांडणीही बदललेली दिसली. ताणाने आजार बळावतात हे आजीबाईंना ठाऊक होतं. ते कुठल्या रेणूच्या वाटेने होत असावं, याचं एक दृश्य इथे मिळालं.

नव्वदच्या दशकात रोमच्या या गटाने, आलोए आणि लुइझा ब्राच्ची-लाउदिएरो यांच्या पुढाकाराने, एक साधी पण जोरकस मोहीम हाती घेतली. जिथे जिथे दीर्घकाळचा दाह आहे, तिथला द्रव काढायचा आणि त्यातलं एनजीएफ मोजायचं. १९९२ मध्ये जुनाट संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यातलं वंगण, एनजीएफ भरपूर. त्याच वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या मेंदूभोवतालचा द्रव, वाढलेलं. १९९३ मध्ये ल्युपसच्या रुग्णांचं रक्तद्रव, वाढलेलं. १९९४ मध्ये कळलं की मास्ट पेशी एनजीएफला फक्त प्रतिसाद देत नाहीत, त्या ते स्वतः बनवतात, साठवतात आणि सोडतात.

या मालिकेतला १९९६ चा ‘पीएनएएस’मधला निबंध सविस्तर वाचण्यासारखा आहे. दमा, नाक-डोळ्यांची ॲलर्जी आणि गांधी उठण्याचा आजार असलेले ४९ रुग्ण. त्यांपैकी ४२ जणांची ॲलर्जी चाचणीत सिद्ध झालेली. तुलनेला १८ निरोगी माणसं. निरोगी गटात एनजीएफ सरासरी ३.८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, ॲलर्जीवाल्यांत ४९.७. सगळ्यांत वरचा आकडा ॲलर्जिक दम्याचा. एकाहून जास्त ॲलर्जी असणाऱ्यांत एकच ॲलर्जी असणाऱ्यांपेक्षा जास्त. एकाच माणसाच्या अंगात दमा, शिंका आणि गांधी एकत्र का नांदतात, यामागे कुठलातरी सामाईक रेणू असावा असं या आकड्यांवरून वाटतं. दोन वर्षांनी जर्मनीत आर्मिन ब्राउन आणि हाराल्ड रेन्झ यांनी दम्याचं प्रारूप असलेल्या उंदरांत एनजीएफ अडवलं, तर श्वासनलिकांची चिडखोर प्रतिक्रिया कमी झाली.

यंत्रणाही जुळून येत होती. दाह झालेल्या जागी एनजीएफ वाढतं. ते वेदनावाहक तंतूंना अतिसंवेदनशील करतं. त्या तंतूंच्या टोकांतून सबस्टन्स-पी आणि सीजीआरपी नावाची छोटी प्रथिनं सुटतात. त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरू लागतात, मास्ट पेशी दाणे ओततात, आणि त्या पुन्हा एनजीएफ सोडतात. असं चक्र एकदा चालू झालं की मूळ कारण निघून गेल्यावरही ते चालू राहू शकतं. आरोपपत्र जवळपास तयार होतं.

पण पंचनाम्यात नाव आलं म्हणजे माणूस आरोपी ठरत नाही. साक्षीदाराचं आणि मदतीला धावून आलेल्याचं नावही त्यातच असतं. ‘दाहाच्या जागी एनजीएफ जास्त’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. ते दाह वाढवत असेल, किंवा दाह आवरायला शरीराने ते तिथे पाठवलं असेल. नव्वदीतल्या त्या मोजणीत या दोहोंतला फरक कळण्याची सोयच नव्हती. आणि गंमत अशी की दुसऱ्या अर्थाचा सगळ्यांत ठळक पुरावा त्याच रोमच्या वर्तुळातून आला.

१९९५ साली डोळ्यांच्या एका हट्टी ॲलर्जीवर आलेस्सांद्रो लाम्बियासे, स्तेफानो बोनीनी, आलोए आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. ही ॲलर्जी मुख्यतः मुलांना होते, वसंतात-उन्हाळ्यात बळावते. रुग्णांच्या रक्तात एनजीएफ वाढलेलं होतं आणि ते डोळ्याच्या पापुद्र्यातल्या मास्ट पेशींशी निगडित होतं. हा निष्कर्ष घेऊन कोणी औषध करायला निघालं, तर तो एनजीएफ अडवायला निघेल. याच गटाने तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जे छापलं ते नेमकं उलटं आहे. १२ रुग्ण, १४ डोळे. बुबुळाच्या पारदर्शक पटलाची संवेदना गेलेली, त्यामुळे न भरणारे व्रण पडलेले. त्यांच्या डोळ्यांत उंदराच्या लाळग्रंथीतून शुद्ध केलेल्या एनजीएफचे थेंब घातले. १० दिवस ते ६ आठवड्यांत सगळे व्रण भरले.

हे दोन निबंध शेजारी ठेवून मी बराच वेळ वाचले. एकाच अवयवात, एकाच संशोधकांच्या हाती, तेच प्रथिन एकदा आजाराच्या बाजूला दिसतं आणि एकदा औषधाच्या. विरोधाभास वरवरचा आहे असं म्हणून तो टाळता येईल, पण मला वाटतं यातला १९९५ चा निबंध आपण घाईने वाचला. त्यात एनजीएफ वाढलंय एवढंच आहे. त्याने डोळा बिघडवला असं त्यात नाही. ते वाक्य वाचणाऱ्यांनी भरलं.

१९९६ चाच आणखी एक निबंध, ‘सेल’मधला. मारिया तोर्चिया आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्मरण ठेवणाऱ्या बी-पेशी, म्हणजे लस टोचल्यावर किंवा आजार होऊन गेल्यावर पुढच्या वेळेसाठी राखीव राहणाऱ्या पेशी, जगण्यासाठी स्वतःच एनजीएफ बनवतात. एनजीएफविरोधी प्रतिद्रव्यं दिलेल्या उंदरांत त्याच प्रतिजनाविरुद्धची दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया कोलमडली. एनजीएफ अडवण्याचा विचार करणाऱ्यांनी हा कागदही उघडा ठेवायला हवा होता.

मग मेंदूतल्या आजाराचे कागद येतात. १९९८ मध्ये म्युनिकच्या हार्टमुट वेकर्ले यांच्या गटाने दाखवलं की एनजीएफ आणि त्याच्या भाईबंद प्रथिनांमुळे मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी बाहेरून आलेल्या टी-पेशींना चिथावणारे रेणू कमी दाखवतात. २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाब्लो विलोस्लादा आणि सहकाऱ्यांनी मार्मोसेट माकडांत मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार निर्माण केला आणि मानवी एनजीएफ सतत थेट मेंदूच्या पोकळीत सोडलं. आजार उशिरा सुरू झाला, मेंदूतली हानी पूर्णपणे पसरली नाही. दाह भडकवणारं इंटरफेरॉन-गॅमा उतरलं, दाह शमवणारं इंटरल्यूकिन-१० वाढलं. २००१ मध्ये पुन्हा म्युनिकहून : एनजीएफ असताना मोनोसाइट पेशींना रक्तवाहिनीची भिंत ओलांडणं जड जातं. १९९२ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या द्रवात जे एनजीएफ वाढलेलं सापडलं होतं, ते कदाचित बचावाला आलेलं होतं, असं या कागदांवरून मानायला जागा झाली.

गाठ अर्धी सुटली ती २००१ मध्ये, आणि प्रतिकारशास्त्राबाहेर. बार्बरा हेम्पस्टेड यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवलं की एनजीएफ पेशीत आधी एका लांब, कच्च्या रूपात तयार होतं. हे प्रोएनजीएफ कापलं गेलं की पक्कं एनजीएफ मिळतं. कच्चं रूप हा नुसता कच्चा माल आहे असं तोवर मानलं जाई. प्रत्यक्षात ते पेशीबाहेर सुटतं आणि स्वतंत्र संदेश देतं, बहुतेक वेळा उलटा. पक्कं एनजीएफ मुख्यतः ट्रकए या ग्राहकावर बसून पेशीला जगवतं. प्रोएनजीएफ पी७५ या ग्राहकावर बसून तिला मारूही शकतं.

हे प्रतिकारपेशींना लागू होतं का? रोमच्या बाम्बिनो जेझू बालरुग्णालयातल्या गटाने, ज्यात ब्राच्ची-लाउदिएरो होत्याच, हा प्रश्न धरला. २०१४ च्या त्यांच्या निबंधात माणसाच्या मोनोसाइट पेशींना जंतूंच्या भित्तिकेतलं द्रव्य दिलं, की त्यांच्यावर ट्रकए वाढतो. मग एनजीएफ दिलं, की टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि ६ ही दाहक द्रव्यं कमी होतात आणि शामक द्रव्यं वाढतात. निरोगी पेशीला दाह चालू करण्याबरोबरच तो आवरायची सोयही मिळते, असा त्याचा अर्थ. संधिवात असलेल्या मुलांच्या सांध्यातल्या पेशींत मात्र ट्रकए वाढतच नव्हता. आवरण्याची सोय मोडलेली. २०१७ मध्ये त्याच गटाने या मुलांच्या सांध्यातला द्रव पुन्हा मोजला, या वेळी कच्चं आणि पक्कं रूप वेगळं करून. त्यात भरपूर सापडलं ते प्रोएनजीएफ, आणि पेशींवर वाढलेला होता तो पी७५. हा जोड तोडला की दाहक द्रव्यं घटत.

हे वाचून १९९२ चा सांध्याचा निबंध पुन्हा उघडला, तर त्यातला आकडा वेगळा दिसू लागतो. तेव्हा प्रोएनजीएफ वेगळं मोजायचं असतं हे कोणाच्या ध्यानीमनी असण्याचं कारण नव्हतं, कारण ते वेगळं काही करतं हेच नऊ वर्षांनी कळलं. ‘एनजीएफ वाढलेलं’ या एका ओळीत दोन विरुद्ध कामांचे रेणू एकत्र मोजले गेले असण्याचा दाट संभव आहे. मोजणी चुकीची नव्हती. ज्या गोष्टीला एक समजून मोजलं, ती दोन होती.

औषध कंपन्या मात्र एवढ्या उशिरापर्यंत थांबणार नव्हत्या. १९९६ मध्ये जपानच्या यासुहिरो इंदो यांनी दाखवलं होतं की ट्रकएच्या जनुकात दोष असलेल्या माणसांना जन्मतः वेदना कळत नाही. सांध्यात एनजीएफ वाढलेलं, आणि त्याच्याशिवाय वेदना नाही. मग ते अडवणारं प्रतिद्रव्य हे सांधेदुखीचं औषध व्हायला हवं. फायझरचं टॅनेझुमॅब हे असं प्रतिद्रव्य. १९६० मध्ये रिटाबाई आणि बूकर यांनी उंदरांना जे टोचलं, त्याचाच हा शुद्ध आणि मोजूनमापून केलेला वंशज. २०१० च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधल्या चाचणीत गुडघ्याची वेदना खरोखरच ठळकपणे कमी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचण्या थांबवल्या, कारण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजत होते, विशेषतः सोबत नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांचे. मार्च २०१२ मध्ये सल्लागार समितीने २१ विरुद्ध ० मतांनी चाचण्या पुढे चालू ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. डिसेंबर २०१२ मध्ये पुन्हा खीळ, या वेळी कारण प्राण्यांच्या अनुकंपी मज्जासंस्थेत दिसलेले बदल. १९६० च्या निबंधाचं शीर्षक माहीत असलेल्याला हे कारण वाचून आश्चर्य वाटणार नाही. ही खीळ २०१५ मध्ये निघाली. मार्च २०२१ मध्ये समिती पुन्हा बसली, आणि सांध्यांचा धोका खबरदारीने आटोक्यात राहील का, या प्रश्नावर १९ विरुद्ध १ असं नकारार्थी मत पडलं. ऑक्टोबरमध्ये फायझर आणि एली लिली यांनी हा कार्यक्रम बंद केला.

रिटाबाई डिसेंबर २०१२ च्या ३० तारखेला, वयाच्या १०३ व्या वर्षी गेल्या होत्या. डोळ्यातल्या थेंबांचं औषध त्यांनी बाजारात आलेलं पाहिलं नाही. ते सेनेजेर्मिन या नावाने, आता उंदराच्या लाळेऐवजी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी एनजीएफ म्हणून, जुलै २०१७ मध्ये युरोपात आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं : दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे. तेव्हा त्याच औषध प्रशासनाकडे एक फाइल एनजीएफ देण्याची होती आणि दुसरी ते अडवण्याची. पहिली मंजूर झाली, दुसरी माणसांसाठी बंद पडली. जानेवारी २०२२ मध्ये मात्र एनजीएफविरोधी प्रतिद्रव्याला तिथे परवानगी मिळाली, सांधेदुखीसाठीच. ते फ्रुनेवेटमॅब, आणि रुग्ण मांजरं. कोणत्याही प्राण्यासाठी त्या प्रशासनाने मंजूर केलेलं ते पहिलं मोनोक्लोनल प्रतिद्रव्य होतं.